शिफारसपत्र ते तारांकित प्रश्न

कोकणातल्या कुठल्याही आमदाराच्या संपर्क कार्यालयाला कॅन्सर हा विषय नवा नाही. मुख्यमंत्री सहायता निधीच्या अर्जाला जोडायचं पत्र, परळच्या टाटा रुग्णालयात कुणाशी तरी बोलून द्या ही विनवणी, जनआरोग्य योजनेत अडकलेली मंजुरी, रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव अशी कामं घेऊन माणसं येतात आणि स्वीय सहायकाला त्यातलं बहुतेक पाठ झालेलं असतं. पत्र मिळतं, सही-शिक्का होतो, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वाडीतला माणूस तेच पत्र मागायला येतो. यात कुणाला दोष देता येत नाही. घरात ऑपरेशनची तारीख पडलेली असताना धोरणाचा विचार कोण करत बसेल? आणि दारात आलेल्या मतदाराला रिकाम्या हाताने परत पाठवणं कुठल्याच आमदाराला परवडत नाही. तरी या रोजच्या देवाणघेवाणीत एक मोठी गोष्ट निसटते. ज्याला आपण कायदे करायला, अंदाजपत्रकावर बोलायला आणि मंत्र्याकडून सभागृहात उत्तर घ्यायला मुंबई-नागपूरला धाडलं, त्याच्याकडे आपण मागतो काय, तर लेटरहेड. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात कॅन्सरच्या बाबतीत डॉक्टर कमी आहेत, यंत्रं कमी आहेत, पैसा कमी आहे, हे सगळं खरं. पण ही सारी उणीव ज्या दारातून भरून निघू शकते त्या दारात उभं राहून, कुणा एकासाठी नव्हे तर सगळ्यांसाठी, पुन्हा पुन्हा मागणारी माणसं त्याहून कमी आहेत, असं माझं म्हणणं आहे.

मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांचा हा लांबट जिल्हा. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १६,१५,०६९ भरली, म्हणजे आधीच्या दहा वर्षांत ती वाढायच्या ऐवजी घटली होती. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. कर्ती माणसं मुंबईला, गावात बायका आणि म्हातारी माणसं, ही कोकणाची जुनी कहाणी या दोन आकड्यांत आहे. कॅन्सर मुख्यतः उतारवयात गाठतो, आणि स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कॅन्सर हे आपल्याकडे बायकांच्या कॅन्सरमध्ये वरच्या क्रमांकाचे. म्हणजे ज्यांना धोका अधिक तेच गावात मागे राहिलेले. लोकसंख्येबरोबर राजकीय वजनही उतरलं. २००८ च्या पुनर्रचनेत जिल्ह्यातल्या विधानसभेच्या जागा सातांवरून पाचांवर आल्या. खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघ राहिले नाहीत. लोकसभेसाठी तर दापोली आणि गुहागर रायगडला जोडलेले, उरलेला जिल्हा सिंधुदुर्गाबरोबर. २८८ जणांच्या विधानसभेत पाच आवाज. तेही आपापल्या पक्षाच्या शिस्तीत बांधलेले. अशा जिल्ह्याचा प्रश्न आपोआप कुणाच्या कानावर जाईल ही आशा भाबडी आहे.

उपचारांचा भूगोल सगळ्यांना ठाऊक आहे. १९४१ साली गिरणगावात उभं राहिलेलं टाटा मेमोरियल आणि त्याच गिरणगावात खोल्या करून राहिलेला रत्नागिरीकर यांची गाठ जुनी. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा परळ एका रात्रीच्या अंतरावर आलं. दक्षिणेकडची माणसं आंबा घाट चढून कोल्हापूरही गाठतात. जिल्ह्यात काहीच नाही असंही नाही. चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या साथीने गावोगाव तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची तपासणी केलेली आहे. खेड्यातली बाई तपासणीला येते, नीट समजावून सांगितलं तर पुढच्या चाचणीलाही जाते, हे या जिल्ह्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको.

शास्त्राची बाजूही लंगडी नाही, आणि त्यातलं बरंचसं शास्त्र महाराष्ट्राच्याच मातीत तयार झालेलं आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची चाचणी केली आणि दोष आढळल्यास लगेच उपचार केले, तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असं त्यात दिसलं. मुंबईच्या झोपडवस्त्यांत दीड लाख स्त्रियांवर टाटाने केलेल्या अभ्यासात तर साधन होतं व्हिनेगर. जेमतेम शिकलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी ते लावून तपासणी केली आणि याच कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. स्तनांच्या हाताने केलेल्या तपासणीचा निकाल एवढा सरळ आला नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, त्याहून तरुण वयात फायदा दिसला नाही. तेही सांगायला हवं, कारण मागणी करणाऱ्याने पुराव्यापेक्षा पुढे धावू नये. आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. २०१६ मध्ये केंद्राने तिशीपुढच्या सर्वांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानंतरच्या, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या स्त्रिया देशात १.९ टक्के निघाल्या. स्तन आणि तोंडाच्या तपासणीचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली. ज्ञान आहे, तत्त्वं छापलेली आहेत, आणि तपासणी शंभरात दोघींची. या दरीत वैद्यकशास्त्राचं अज्ञान कुठेच नाही. कुणी तरी निर्णय घ्यायचा, पैसा ठेवायचा, पदं भरायची आणि वर्षाअखेर हिशेब मागायचा, एवढंच राहिलेलं आहे, आणि ही सगळी लोकप्रतिनिधींची कामं आहेत.

मागितल्याने मिळतं याचा महाराष्ट्रातला सर्वांत ठळक दाखला गुटख्याचा. राज्याने पहिली बंदी १ ऑगस्ट २००२ रोजी घातली. ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०११ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा नियमांत एक ओळ आली, की कुठल्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घटक म्हणून वापरता येणार नाही. ओळ कागदावर होती; ती वापरायची की नाही हे राज्यांवर होतं. याच काळात टाटा रुग्णालयातले शल्यचिकित्सक डॉ. पंकज चतुर्वेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हॉइस ऑफ टोबॅको व्हिक्टिम्स’ या मोहिमेतून तंबाखूने जबडा, जीभ, आवाज गमावलेल्या माणसांना थेट मंत्री आणि आमदार-खासदारांसमोर नेलं. एप्रिल २०१२ मध्ये मध्य प्रदेशाने बंदी घातली, पाठोपाठ केरळने, आणि जुलै २०१२ मध्ये पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने. एकट्या या मोहिमेनेच हे घडवलं असा दावा कुणी करू नये. पण एखादी ओळ राजपत्रात पडून राहणं आणि तिचा आदेश होणं यांच्यामध्ये जे अंतर असतं ते या माणसांनी तुडवलं, एवढं श्रेय त्यांचं आहे.

आणि न मागितल्याने काय होतं याचाही दाखला महाराष्ट्राच्याच पदरात आहे. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील तोंडाच्या कॅन्सरने गेले. त्यानंतर दीड महिन्याने, १ एप्रिलपासून तंबाखूच्या वेष्टनांवरचं इशाऱ्याचं चित्र पुढच्या बाजूच्या ४० टक्क्यांवरून दोन्ही बाजूंच्या ८५ टक्क्यांपर्यंत वाढायचं होतं. लोकसभेच्या दुय्यम विधिविधान समितीने ते लांबणीवर टाकायला सांगितलं. समितीचे अध्यक्ष अहमदनगरचे तत्कालीन खासदार, आता दिवंगत, दिलीप गांधी. तंबाखूने कॅन्सर होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तंबाखूविरोधी सरकारी जाहिरातीतून देशाला माहीत झालेली कॅन्सरग्रस्त सुनीता तोमर हिने त्याच सुमारास पंतप्रधानांना पत्र लिहिलं. १ एप्रिललाच तिचा मृत्यू झाला. मोठे इशारे लागू व्हायला पुढचं एक वर्ष गेलं. यातली बोचणारी गोष्ट अशी, की महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं तपासून केलेला कॅन्सर आणि कॅन्सरपूर्व विकारांचा अभ्यास १९७२ सालीच एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला होता. फली मेहता आणि प्रकाश गुप्ता यांच्यासारख्या संशोधकांनी तो केला होता. त्रेचाळीस वर्षं तो ग्रंथालयांत होता, पण महाराष्ट्राच्या एका खासदाराच्या टेबलावर पोचला नव्हता. उद्योगाची माणसं मात्र समितीपर्यंत पोचली होती. विडी उद्योगातले एक खासदार तर समितीचे सदस्यच होते. खासदाराला नावं ठेवणं सोपं आहे. मला प्रश्न पडतो तो दुसराच: नगर जिल्ह्यातल्या किती मतदारांनी त्याआधी त्यांना भेटून या विषयावर एक पानभर तरी लिहून दिलं होतं?

गुटख्याची बंदी वर्तमानपत्रात गाजते. ज्या तरतुदींनी खरोखर माणसं तगली किंवा निदान सुखाने गेली, त्या फारशा गाजल्या नाहीत. २००५ मध्ये पेटंट कायदा बदलला तेव्हा आरोग्यक्षेत्रातल्या संघटना आणि डाव्या पक्षांच्या खासदारांच्या रेट्यामुळे त्यात कलम ३(ड) आलं. जुन्याच औषधाचं रूप थोडं बदललं आणि गुणकारकता वाढली नाही, तर नवं पेटंट नाही, हा त्याचा मथितार्थ. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्याच आधारावर रक्ताच्या कॅन्सरवरच्या ग्लिवेक या औषधाच्या पेटंटला हरकत घेतली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात कंपनी हरली. महिन्याला सुमारे सव्वा लाखाचं औषध आणि त्याच गुणाचं आठ-दहा हजारांचं देशी औषध, असा तो फरक होता. दुसरी गोष्ट मॉर्फिनची. १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा इतका कडक झाला की परवान्यांच्या जंजाळाला भिऊन रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं; पुढच्या बारा वर्षांत देशातला त्याचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी खाली आला. शेवटच्या टप्प्यातला रुग्ण रात्रभर ओरडत राहतो आणि घरच्यांना वाटतं की या रोगाचं असंच असतं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि वेदनाशमनाच्या क्षेत्रातले त्यांचे सोबती कित्येक वर्षं मंत्रालयांत, न्यायालयांत, खासदारांकडे हेलपाटे घालत राहिले. फेब्रुवारी २०१४ मध्ये, लोकसभा संपायच्या अगदी शेवटच्या दिवसांत, दुरुस्ती मंजूर झाली. ओरडणारा रुग्ण दिल्लीला जाऊ शकत नाही. त्याच्या वतीने जाणारा कुणीतरी निरोगी, चिकट आणि मोकळा वेळ असलेला माणूस लागतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो गुटख्याच्याच नावाने: बंदी आली आणि टपरीवर माल मिळतोच. मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. शेजारच्या राज्यांतून तो चोरून येतो, छापे पडतात, पुन्हा येतो. पण या अनुभवातून मागणं व्यर्थ असा निष्कर्ष निघत नाही. मागणं अर्धवट सोडलं असा निघतो. अन्नसुरक्षा कायद्याखालचा हा आदेश एका वेळी वर्षापुरताच काढता येतो, म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. बंदीच्या दिवशी हार घालायला गर्दी असते. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांची किती पदं रिकामी आहेत, किती खटल्यांत शिक्षा झाली, हे विचारायला पुढच्या वर्षी कुणी नसतं. आणि रत्नागिरीपुरतं बोलायचं तर गुटखा ही अर्धीच गोष्ट आहे. २०१६-१७ च्या जागतिक तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. त्यात कोकणातल्या बायकांची मिश्री येते. दंतमंजनातल्या तंबाखूचा तंबाखू नियंत्रण कायद्याच्या परिशिष्टात उल्लेख आहे, पण तव्यावर घरी भाजलेल्या मिश्रीला वेष्टनच नसतं, मग चित्र कुठे छापणार? चित्र ८५ टक्के असो की शंभर, सकाळी चुलीपाशी बसून दात घासणाऱ्या बाईपर्यंत ते जात नाही. तिच्यापर्यंत जाते ती तोंडात बॅटरी मारून पाहणारी आशा सेविका. म्हणून मुंबईच्या मोहिमेची मागणी जशीच्या तशी उचलून चालत नाही, ती जिल्ह्यातच घडवावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आरोग्याचे निर्णय तज्ज्ञांनी घ्यावेत, राजकारण्यांना आणि भावनेच्या भरात आलेल्या नातेवाइकांना त्यात ओढू नये. अमेरिकेचं उदाहरण या बाजूने देता येतं. मेरी लास्कर या धनाढ्य, हुशार बाईंनी आणि त्यांच्या साथीदारांनी १९७१ मध्ये एका लोकप्रिय सदरातून आवाहन घडवून आणलं आणि सिनेटरांच्या कचेऱ्यांत पत्रांचा लाखोंनी पाऊस पडला. त्याच वर्षी २३ डिसेंबरला राष्ट्रीय कॅन्सर कायद्यावर सही झाली. संशोधनाला पैसा मिळाला, पण देशाच्या द्विशताब्दीपर्यंत, १९७६ पर्यंत, रोगावर मात करू अशी जी हवा निर्माण केली होती ती अर्थातच विरली. आपल्याकडे एचपीव्ही लशीच्या बाबतीत उलटी बाजू दिसली. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममला आणि गुजरातेत वडोदऱ्याला मुलींवर राबवलेला लशीचा प्रकल्प २०१० मध्ये थांबला, आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने संमती घेण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. वसतिगृहातल्या मुलींच्या वतीने वॉर्डनने सह्या करणं समितीला खटकलं, आणि ते खटकायलाच हवं होतं. पण प्रकल्पाच्या काळात झालेल्या काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध जोडला गेला, जो चौकशीत दिसला नव्हता, आणि लस कित्येक वर्षं मागे पडली. पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने देशी लस आणली, आणि २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. या दोन्ही कथांतून मला दिसतं ते असं, की लोकप्रतिनिधी निर्णय घेणारच आहेत, आपण गेलो तरी आणि न गेलो तरी. प्रश्न एवढाच, की त्यांच्यासमोर कागद कुणाचा असेल. स्वयंसेवकाने औषध सुचवू नये, यंत्राचा ब्रँड तर मुळीच सुचवू नये. ज्ञात गोष्ट का होत नाही, एवढंच विचारावं. आणि ज्या संघटनेला औषध कंपनी पैसे देते तिने ते भेटीच्या पहिल्याच मिनिटाला सांगावं.

तिसरा आक्षेप स्थानिक आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. सर्पदंश, लेप्टो, मुंबई-गोवा महामार्गावरचे अपघात यांनीही इथली माणसं मरतात. मग ज्याचे कार्यकर्ते शिकलेले आणि बोलके त्या रोगालाच निधी का? हे खरं आहे, की मोठ्याने मागणाऱ्याला अधिक मिळतं आणि त्यात अन्याय होतो. त्यावर करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे मागणी अशी निवडायची की तिचा उपयोग कॅन्सरपुरता राहू नये. उपजिल्हा रुग्णालयात पूर्णवेळ पॅथॉलॉजिस्ट आला तर त्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळेच रोग येतात. आशा सेविकेचं मानधन वेळेवर झालं तर तापाची पाहणीही सुधारते. याउलट आमदाराच्या पाच कोटींच्या स्थानिक विकास निधीतून स्तनतपासणीचं यंत्र मागणं फार मोहाचं असतं. उद्‌घाटन होतं, कोनशिला बसते, आणि तंत्रज्ञाचं पद मंजूर नसेल तर यंत्र खोक्यात राहतं.

म्हणून काय मागायचं हे नेमकं हवं. ‘कॅन्सरसाठी काहीतरी करा’ या निवेदनाला ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे एकच उत्तर असतं. त्याऐवजी जिल्हा रुग्णालयात तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी मिळते का, गेल्या वर्षभरात किती रुग्णांना दिली, हा तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न होऊ शकतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅन्सरचं डे-केअर केंद्र उभारण्याची घोषणा झाली. रत्नागिरीच्या केंद्रात केमोथेरपी देणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका किती, औषधांचा पुरवठा कुठून, हे विचारता येतं. जनआरोग्य योजनेचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला; जिल्ह्याच्या हद्दीत त्यातून कॅन्सरचे किती उपचार झाले आणि किती रुग्णांना बाहेर जावं लागलं, याचा आकडा मंत्र्याकडे असायलाच हवा. पाच आमदारांपैकी एकानेही असा प्रश्न लावला तर आरोग्य खात्याला जिल्ह्यातून माहिती मागवावी लागते, आणि कित्येकदा उत्तर छापून येण्याआधीच गोळ्यांची मागणी नोंदवली जाते. प्रश्नाला उत्तर गोलमाल आलं तर लक्षवेधी सूचना आहे, अंदाजपत्रकावर कपात सूचना आहे, विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे. जिल्हा नियोजन समितीत तर पालकमंत्र्यांसमोर सगळे आमदार एकत्र बसतात. ही हत्यारं विरोधी आमदाराला जितकी, तितकीच सत्ताधाऱ्यालाही वापरता येतात. सत्ताधारी आमदार बहुधा सभागृहाबाहेर मंत्र्याच्या कानावर घालून काम करणं पसंत करतो, तेही चालेल, फक्त झालं की नाही हे पुन्हा जाऊन पाहिलं पाहिजे.

हे करणारी माणसं आणायची कुठून, असं विचारलं जातं. कोकणाला ती शोधावी लागत नाहीत. मुंबईत जवळपास प्रत्येक गावाचं ग्रामस्थ मंडळ आहे. गावचा पेशंट परळला आला की केसपेपर काढायला कोण जाणार, रक्त कोण देणार, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का ते कोण बघणार, हे त्या मंडळाची पोरं फोनवर ठरवतात. रोग कुठे उशिरा सापडला, कुठल्या आरोग्य केंद्रात सहा महिने दातदुखीच्या गोळ्या मिळाल्या, हे या पोरांइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांना आमदाराची भेटही अवघड नाही. मंडळाच्या मेळाव्याला आणि गणपतीत वाडीवर आमदार स्वतःहून येतात, कारण चाकरमान्यांची मतं गावातच पडतात. त्या दिवशी सहसा सभामंडप, पाखाडी नाहीतर हायमास्ट दिवा मागितला जातो. त्याच निवेदनात मॉर्फिनच्या गोळ्यांचा, डे-केअरच्या परिचारिकांचा आणि तोंडतपासणीच्या आकड्यांचा असे तीन प्रश्न वेगळ्या कागदावर जोडावेत, खाली पाच-सहा गावांच्या मंडळांच्या सह्या असाव्यात, आणि प्रत मुंबईतल्या पदाधिकाऱ्याने जपून ठेवावी. गणपती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात, नागपूरचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात भरतं. प्रश्नाची सूचना वेळेत द्यायला, राहून गेली तर आठवण करायला आणि दुसऱ्या मतदारसंघातला आमदार गाठायला मधले महिने पुरतात.